जोडी लावण्याआधी श्वास ऐका

एप्रिलचा शेवटचा शनिवार जगभर पशुवैद्यक दिन म्हणून पाळला जातो. जागतिक पशुवैद्यक संघटनेने २००० साली ही प्रथा सुरू केली. युरोपात तेव्हा वसंत असतो. आपल्या वऱ्हाडात मात्र हा दिवस ऐन होरपळीत येतो. कारंज्यात या आठवड्यात सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडतात, कूलरच्या ताट्या दुपारपर्यंत कोरड्या होतात, बाजार समितीतले हमाल डोक्याला ओला दुपट्टा बांधून पोती उचलतात. पशुवैद्यक दिनानिमित्त गाई-म्हशींविषयी, लाळ्या-खुरकुताविषयी, २०२२ साली विदर्भातल्या गोठ्यांना हादरवणाऱ्या लम्पीविषयी लिहिले जाते. ते हवेच. यंदा आम्ही मात्र घरात, सोफ्यावर, लेकरांच्या कुशीत वाढणाऱ्या एका जनावराविषयी लिहीत आहोत. त्याचे दुखणे घरच्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना दुखणे वाटत नाही.

कारंज्याला कुत्र्याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी घरोघरी, दुकानोदुकानी दत्ताची तसबीर असते. मागे गाय आणि पायाशी चार कुत्रे. गुरुमंदिरात येणारा भाविक त्या चौघांना चार वेद मानून हात जोडतो. हेच गाव प्राचीन जैन मंदिरांचे, हस्तलिखितांच्या शास्त्रभांडारांचे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाचेही आहे. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारी माणसे इथे आजही आहेत. जीवदयेचा संस्कार ज्या गावाला दोन वाटांनी मिळाला, तिथे ही गोष्ट कानामागे टाकली जाणार नाही, अशी आमची खात्री आहे.

गोष्ट आहे पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, पेकिनीज अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची. त्यांतही पगची अधिक, कारण आपल्याकडे घराघरात पोचला तो पगच. २००३ साली हच कंपनीची जाहिरात दूरचित्रवाणीवर आली: एक लहान मुलगा पुढे चालतो आणि एक पग त्याच्या मागेमागे जातो. जाहिरात मोबाइलच्या नेटवर्कची होती, पण लोकांच्या मनात राहिला तो कुत्रा. ‘हचवाला कुत्रा’ हे नाव मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत पोचले. कंपनीचे नाव पुढे बदलले, जाहिरात बंद झाली, पण पगची मागणी ओसरली नाही. मागणी वाढली तशी पिले काढणारी घरेही वाढली. दोन खोल्या, एक नर, दोन माद्या, फोनवर पाठवलेले फोटो, आणि मग ट्रॅव्हल्सच्या बसमधून खोक्यात घालून आलेले पिल्लू. या सगळ्या साखळीत कोणी कधी त्या पिलाच्या आई-बापाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून पाहिला का, हा प्रश्न विचारण्यासाठी हा लेख आहे.

कुत्र्याचे तोंड पिढ्यानपिढ्या निवड करून आखूड करत नेले, की कवटीचे हाड आखूड होते. आतले मऊ मांस त्या प्रमाणात आखूड होत नाही. सामान्य कुत्र्याच्या लांब तोंडात जे पसरून राहिले असते, ते सगळे पगच्या मुठीएवढ्या तोंडात दाटीवाटीने कोंबले जाते. मऊ टाळू लांब आणि जाड राहते, मागे लोंबते आणि श्वासाच्या वाटेवर पडते. नाकाच्या आतली पातळ हाडांची नाजूक गुंडाळी, जिच्यावरून हवा खेळायची, तीच हवेची वाट अडवते. नाकपुड्या फटीएवढ्या उरतात. जीभ तोंडाला मोठी होते. बेचाळीस दात तेवढेच असतात, म्हणून ते तिरपे, एकमेकांवर चढून उगवतात. डोळ्यांची खोबण उथळ होते, बुबुळे पुढे येतात, पापणी पुरी मिटत नाही आणि बुबुळावर जखमा होतात. बुलडॉगांची शेपटी स्क्रूसारखी वळते ती कण्याच्या मणक्यांतल्या दोषामुळे. वेडेवाकडे मणके पगमध्येही सापडतात; पाठीत तसा मणका असला तर मागचे पाय लटपटू शकतात.

यातले श्वासाचे दुखणे सर्वांत मोठे. अडलेल्या वाटेतून हवा ओढण्यासाठी कुत्र्याला प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो. त्या ओढीने स्वरयंत्रालगतची नाजूक त्वचा बाहेर खेचली जाते, पुढे स्वरयंत्रच खचू लागते. म्हणजे हे दुखणे वयाबरोबर वाढते. दोन वर्षांचा असताना नुसता घोरणारा कुत्रा पाचव्या वर्षी गल्लीच्या टोकापर्यंत चालून धापा टाकतो, अन्न उलटतो, झोपेत श्वास थांबून दचकून उठतो. काही कुत्री बसून झोपतात, काही हनुवटी उशीवर ठेवून मान वर करून झोपतात, काही तोंडात खेळणे धरून झोपतात, कारण तोंड मिटले की श्वास कोंडतो. घरची माणसे याचा व्हिडिओ काढतात, ‘किती गोड घोरतो’ म्हणून नातेवाइकांना पाठवतात. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात (२०१२) श्वास अडण्याची लक्षणे स्पष्ट दिसणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांपैकी ५८ टक्क्यांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही असे सांगितले होते. त्या जातीचे कुत्रे असेच असते, असे सगळेच धरून चालतात, आणि म्हणून उपचारही होत नाही, निवडही सुधारत नाही.

आता हा श्वास वऱ्हाडाच्या उन्हात आणून पाहा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याची उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः नाक, तोंड आणि जिभेच्या ओल्या पृष्ठभागावरून, ल्हा-ल्हा करून. नाक लांब असेल तर हा पृष्ठभाग मोठा, आणि त्यावरून हवा झरझर खेळते. कारंजा-सोहोळच्या माळावर दुपारच्या उन्हात चरणारे काळवीट पाहावे, संध्याकाळी निघणारा कोल्हा पाहावा. उष्ण, उघड्या मुलखातल्या या प्राण्यांना निसर्गाने लांब नाक दिले आहे, आणि आत येणारी हवा निववणे, रक्त निववणे हे त्या नाकाचे काम आहे. आपले गावठी कुत्रे रसवंतीच्या गाडीखाली ओल्या मातीत पडून मे महिना काढते ते याच बळावर. पगचे नाक कापून टाकल्यागत झालेले. तो ल्हा-ल्हा करतो तेव्हा सुजलेल्या वाटेतून हवा ओढण्यातच त्याचे स्नायू तापतात, म्हणजे थंड होण्याच्या धडपडीतूनच उष्णता वाढते. शरीराचे तापमान १०१-१०२ अंश फॅरनहाइटवरून १०६ च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा होऊ लागते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवरून २०२० साली निघालेला हिशोब असा: लॅब्रॅडॉरच्या तुलनेत बुलडॉगला उष्माघात होण्याची शक्यता सुमारे १४ पट, फ्रेंच बुलडॉगला ६ पटींहून अधिक. हे आकडे ज्या देशातले आहेत, तिथे तीस अंशांना लोक उन्हाळा कडक म्हणतात. अकोला-वाशीमच्या चव्वेचाळीस अंशांत या कुत्र्यांचे काय होत असेल, ते पशुवैद्यांना ठाऊक आहे.

ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आहे, त्यांच्यासाठी एवढे आत्ताच सांगतो, कारण ते या आठवड्यात कामी येणारे आहे. फिरवणे पहाटे किंवा रात्री उशिरा. गळ्यात पट्टा नको, छातीला बसणारा हार्नेस हवा. वजन वाढू देऊ नये. लठ्ठपणाने अडलेली वाट आणखी अडते. कुत्रे अडखळू लागले, लाळ गाळू लागले, जीभ गडद लाल किंवा जांभळी दिसू लागली, तर रिक्षा शोधण्यात वेळ घालवू नका. आधी अंगावर साधे, गारसर पाणी भरपूर ओता, पंख्यासमोर धरा, मग दवाखान्यात न्या. आधी थंड करणे, मग नेणे, हाच क्रम आता जगभरचे तज्ज्ञ सांगतात. ओले फडके नुसते गुंडाळून ठेवू नका. त्याखाली उष्णता कोंडते.

हे झाले जन्मलेल्या कुत्र्यासाठी. पण पिलाचा श्वास कसा असणार हे बऱ्याच अंशी त्याच्या जन्माआधी, त्याच्या आई-बापाची जोडी लावली जाते त्या दिवशी ठरून जाते. आमचे म्हणणे त्या दिवसाविषयी आहे.

पग मुळात असा नव्हता. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली स्वतःचे चित्र रंगवले, त्यात त्याच्या शेजारी त्याचा पग बसलेला आहे. लंडनच्या टेट संग्रहालयात ते आहे. त्या कुत्र्याला पुढे आलेले तोंड आहे, पाय लांब आहेत. आजच्या पगशेजारी ठेवला तर दोघे एका जातीचे वाटत नाहीत. हा बदल निवडीने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्वानप्रदर्शने सुरू झाली, जातीचे ‘मानक’ लिहिले गेले, आणि जो जास्त चपटा त्याला पदक, ज्याला पदक त्याच्याशीच साऱ्या माद्यांची जोडी, असे शंभर-सव्वाशे वर्षे चालले. २००८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनच्या केनेल क्लबच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की तिथल्या सुमारे १०,००० पगांमधली आनुवंशिक विविधता जेमतेम ५० कुत्र्यांएवढी आहे. दहा हजार तोंडे, पण रक्त पन्नासांचे. अशा रक्तात दोष शिरला की तो सहज बाहेर पडत नाही. २०२२ साली लंडनच्याच रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने हजारो कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदींचा अभ्यास करून सांगितले, की आरोग्याचा विचार करता पगला आता सर्वसामान्य कुत्रा मानता येणार नाही. श्वास अडण्याच्या विकाराचा धोका त्याला इतर कुत्र्यांच्या ५४ पट आहे.

बुलडॉगांचे तर बाळंतपणही माणसाच्या हाती गेले आहे. पिलाचे डोके मोठे, आईची कंबर अरुंद. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बुलडॉगची ८६ टक्के आणि फ्रेंच बुलडॉगची ८१ टक्के वेते पोट फाडून काढावी लागली होती. ज्या माद्या आपल्या बळावर विऊच शकत नाहीत अशांचीच वंशवृद्धी आपण पैसे मोजून करत आलो, हे वाचताना कोणाही पशुपालकाच्या पोटात गोळा यावा. आपल्या गोठ्यात एखादी गाय दर वेताला अशी अडली, तर शेतकरी तिची कालवड ठेवत नाही.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो ऐकण्याइतका सोपा आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्य जेन लॅडलो आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षे पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचा श्वास यंत्राने मोजला, आणि त्यातून स्टेथोस्कोपवर करता येईल अशी चाचणी बसवली. ब्रिटनच्या केनेल क्लबने ती २०१९ साली लागू केली. पुढे इतर देशांतल्या क्लबांनीही ती घेतली. कुत्रे किमान एक वर्षाचे हवे. आधी शांत बसवून त्याच्या गळ्याशी स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकायचा. मग तीन मिनिटे भरभर दुडक्या चालीने चालवायचे. परत ऐकायचे. विश्रांतीत शांत वाटणारा श्वास चालून आल्यावर कसा बोलतो, यात सगळे कळते: घरघर आहे का, शिट्टीसारखा आवाज येतो का, पोट आत ओढून श्वास घ्यावा लागतो का. त्यावरून शून्य ते तीन असा दर्जा देतात. शून्य म्हणजे वाट मोकळी. एक म्हणजे स्टेथोस्कोपला ऐकू येणारा किरकोळ आवाज. दोन म्हणजे त्रास आहे, वजन आणि व्यायाम यांवर लक्ष हवे, कदाचित उपचार लागतील. तीन म्हणजे कुत्र्याला ताबडतोब उपचारांची गरज, आणि त्याच्यापासून पिले काढायचीच नाहीत. दोन दर्जाच्या दोघांची जोडीही लावायची नाही. विकार वयाबरोबर वाढतो म्हणून दर दोन वर्षांनी चाचणी परत करायची.

ही चाचणी करायला महागडे यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. एक शिकलेला कान लागतो, तीन मिनिटे मोकळी जागा आणि थंड सकाळ. कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावात जिथे कुत्र्यांसाठी एमआरआय नाही, तिथेही ती होऊ शकते. म्हणूनच ती होत नाही याची आम्हाला अधिक चुटपुट लागते.

इथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट लिहायला हवे. अलीकडे काही ब्रीडर ‘डीएनए टेस्टेड’ असा कागद दाखवतात. डीएनए चाचण्या आहेत आणि त्या उपयोगीही आहेत. पगच्या मेंदूला सूज येऊन तरुण वयात त्याचा जीव घेणाऱ्या आजाराचा आनुवंशिक धोका रक्तातून कळतो. मागच्या पायांची ताकद हळूहळू नेणाऱ्या एका विकाराचे जनुक कळते. फ्रेंच बुलडॉगला लहान वयात होणाऱ्या एका प्रकारच्या मोतीबिंदूचे जनुक कळते. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात, त्याचा दोषही २००४ पासून ठाऊक आहे, आणि पर्शियन मांजरे आता आपल्याकडेही पुष्कळ आली आहेत. पण अडलेल्या श्वासाला कारणीभूत असे एकच जनुक नाही. अनेक जनुके मिळून तोंडाची ठेवण घडवतात, आणि दोन पगांची ठेवण सारखी दिसली तरी एकाची वाट मोकळी, दुसऱ्याची बंद असू शकते. म्हणून डीएनएचा कागद कितीही स्वच्छ असला, तरी श्वास ऐकल्याशिवाय तो कुत्रा जोडीला योग्य आहे असे म्हणता येत नाही. तशीच गोष्ट शस्त्रक्रियेची. लांब टाळू कापून, नाकपुड्या रुंद करून कुत्र्याला आराम देता येतो, आणि ज्याला गरज आहे त्याला तो दिलाच पाहिजे. पण पिलांना बापाची कापलेली टाळू मिळत नाही, मूळचीच मिळते. शस्त्रक्रियेनंतर बरा दिसणारा नर जोडीसाठी वापरणे म्हणजे विकत घेणाऱ्याला फसवणे आहे.

शेतकऱ्याला यातले काहीच नवीन नाही. होलस्टीन जातीच्या गाईंमध्ये एक आनुवंशिक दोष होता: वासराच्या पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचतच नसत, वासरे वारंवार आजारी पडून मरत. शोध घेतला तेव्हा त्याचे मूळ १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ऑसबॉर्नडेल आयव्हॅन्हो नावाच्या एका नामांकित वळूपर्यंत गेले. दुधाच्या विक्रमांमुळे त्याचे रेत जगभर गेले आणि त्याबरोबर हा दोषही गेला. १९९२ साली नेमका बिघाड सापडला, रक्ताची चाचणी निघाली, दोष वाहणारे वळू बाजूला काढले गेले, आणि थोड्याच वर्षांत तशी वासरे जन्मणे जवळजवळ थांबले. आज आपल्या देशात कृत्रिम रेतनासाठी होलस्टीन रक्ताचा वळू घ्यायचा तर या आणि अशा इतर आनुवंशिक दोषांची चाचणी करावी लागते. केंद्र सरकारने रेत केंद्रांसाठी तसे मानक घालून दिले आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेल्या बाएफने संकरित गाय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेली. रेताची कांडी ज्या वळूची, त्याची तपासणी झालेली असणार, हा भरवसा आता मानोरा-मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला आहे. गाईच्या वासराला जो हक्क मिळाला, तो कुत्र्याच्या पिलाला मिळायला काय हरकत आहे?

माणसांच्या बाबतीतही विदर्भ हे शिकतो आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथल्या अनेक समाजांत पिढ्यानपिढ्या आला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता पूर्ण आजाराची, हे आता शाळेतल्या मुलींनाही सांगितले जाते. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी आणि तिचा निकाल सांगणारे कार्ड यांवरच भर आहे. लग्नाआधी रक्त तपासून घ्या असे सांगताना माणसांना किती संकोच, किती भीती, किती सामाजिक दुखणी ओलांडावी लागतात, हे आरोग्यसेविकांना विचारावे. माणसाला निवडीचे स्वातंत्र्य आहे आणि ते असायलाच हवे. कुत्र्यांची जोडी मात्र सर्वस्वी माणूस ठरवतो. त्यांना नकार देता येत नाही. म्हणून तिथली जबाबदारी पूर्ण आपली.

कायदा काय म्हणतो? २०१७ साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीविषयी आणि विक्रीविषयी नियम केले. ब्रीडरने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. अठरा महिन्यांखालच्या आणि आठ वर्षांवरच्या मादीपासून पिले काढायची नाहीत. लागोपाठ दोन हंगामांत वीण घ्यायची नाही. आयुष्यात पाचांहून अधिक वेते नाहीत. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचे नाही. हे नियम चांगले आहेत, मनापासून केलेले आहेत, आणि पाळले गेले तर मादीची दैना नक्की थांबेल. पण जोडीचे कुत्रे ‘निरोगी’ हवे असे म्हणताना चपट्या नाकाच्या जातीचा श्वास कसा तपासायचा, कोणता दर्जा चालेल, हे नियमांनी सांगितलेले नाही. लसी झालेला, अंगाने धष्टपुष्ट, तीन दर्जाच्या श्वासाचा पग या नियमांखाली निरोगी ठरू शकतो. नेदरलँड्सने ही पोकळी ओळखली. तिथे २०१४च्या आदेशाने जनावरांना त्रास होईल अशी पैदास मना होती. २०१९ साली सरकारने मोजमापच सांगितले, की तोंडाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल तर त्या कुत्र्यापासून पिले काढायची नाहीत. नॉर्वेत प्रकरण न्यायालयात गेले. २०२२ साली ओस्लोच्या न्यायालयाने बुलडॉग आणि कॅव्हॅलियर या दोन्ही जातींच्या पैदाशीला मनाई केली. वरच्या न्यायालयाने बुलडॉगवरची मनाई उठवली, कॅव्हॅलियरवरची २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

सरसकट बंदी आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्याकडे बंदीने पैदास थांबत नाही, ती मागच्या खोलीत जाते आणि मादीचे हाल वाढतात. जातच संपेल अशी भीती ब्रीडर घालतात, तीही खरी नाही. शून्य आणि एक दर्जाचे पग असतात, आणि त्यांच्यापासून पिले काढली तर पिढ्यागणिक श्वास सुधारतो. युरोपात काही पशुपालकांनी पगमध्ये टेरियरचे रक्त आणून पुन्हा थोडे पुढे आलेले तोंड मिळवले आहे. होगार्थच्या चित्रातल्या कुत्र्याच्या जवळ जाणारे. ज्यांना उन्हात सोबत येणारे कुत्रे हवे, त्यांना सोलापूर-लातूरकडचा कारवान आहे, मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्याची जोपासना केली तो मुधोळ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींची नावे घेतली तेव्हापासून त्यांची चौकशी वाढली. तिथेही सावध राहायला हवे. मागणी वाढली की त्याच त्या नावाजलेल्या नराशी जोड्या लागतात, आणि आज काटक असलेली जातही दोन-तीन दशकांत दुबळी होऊ शकते.

सर्वांत मोठे बळ विकत घेणाऱ्याच्या हाती आहे. पिल्लू घ्यायचेच असेल तर फोटोवरून घेऊ नका. जाऊन आई पाहा, शक्य असेल तर बापही. त्यांना पाच मिनिटे चालवून दाखवा म्हणा आणि जवळ उभे राहून ऐका. नाकपुड्या उघड्या आहेत का पाहा. आई किती वेळा व्याली, पोट फाडून व्याली का, तिच्या घशाची किंवा नाकाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारा. पशुवैद्याने श्वास तपासून दिलेला कागद मागा. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, श्वास सांगत नाहीत. दहा गिऱ्हाइकांनी हा कागद मागितला की अकराव्यासाठी ब्रीडर तो आधीच काढून ठेवील. मागणी आली तर आपल्याकडचा व्यापारी किती लवकर बदलतो, हे कापसाच्या बाजारात वाढलेल्या गावाला सांगायला नको.

आणि पशुवैद्यांना, त्यांच्याच दिवशी, एक विनंती. अकोल्याला पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे, नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. या विद्यापीठाने तीन मिनिटांच्या या चाचणीचे प्रशिक्षण आपल्या पाचही जुन्या महाविद्यालयांत आणि अकोल्यात सुरू करावे, तालुक्याच्या पशुवैद्यांना ते द्यावे, आणि महाराष्ट्रात जन्मणाऱ्या पगांच्या श्वासाची पहिली नोंदवही तयार करावी. इंग्लंडमधले दर्जे थंड हवेत बसवलेले आहेत. चव्वेचाळीस अंशांच्या मुलखात एक दर्जाचा कुत्रा कितपत सुरक्षित, हे आपल्यालाच मोजावे लागेल, आणि ते मोजायला विदर्भाइतकी योग्य जागा नाही. राज्याच्या पशुकल्याण मंडळाने ब्रीडरच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: नराच्या श्वासाचा दर्जा, मादीच्या श्वासाचा दर्जा, तपासणाऱ्या पशुवैद्याची सही, तारीख. चाचणी थंडीतच घ्यायची असते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी वाशीम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत शिबिरे घेता येतील. त्यासाठी मंडळाचा आदेश आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम पावसाळ्याच्या आत निघायला हवा.